स्ट्रायसँडचा ‘हायर ग्राउंड’ एकसुरी का वाटतो आणि तो ऐकायचा कुठून

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्हाला कुणीतरी अमेरिकन गायिका बार्ब्रा स्ट्रायसँडचा १९९७ चा ‘हायर ग्राउंड’ हा अल्बम ऐकायला सांगितला, मनाला बरं वाटेल म्हणून, आणि तुम्ही तो लावला तर पाचव्या-सहाव्या गाण्यापर्यंत सगळं एकाच रंगाचं वाटायला लागलं. आता तुम्हाला तीन गोष्टी हव्यात. एवढ्या नावाजलेल्या बाईचा अल्बम एकसुरी का वाटतो, पॉप गाणाऱ्या बाईने प्रार्थना गायल्या तर ते खरं समजायचं की धंदा, आणि आईला लावून दिला तर चालेल का, कारण त्यांना इंग्रजी येत नाही आणि त्यांचा कान लताबाई, माणिकताई वर्मा यांच्यावर तयार झालाय. मी आवाजाचं शिकवतो, कॉयर म्हणजे समूहगान बसवतो, आणि त्याआधी बरीच वर्षं स्टुडिओत मागे उभं राहून आ-ऊ करणाऱ्यांतला होतो, त्यामुळे माझं उत्तर गळ्याच्या बाजूने येईल, समीक्षकासारखं नाही.

तर पहिली गोष्ट, तुमचा कान चुकलेला नाही. बारा ट्रॅक आहेत आणि बाराच्या बारा जवळपास संथ लयीतले. बहुतेकांची बांधणी पण तीच, म्हणजे सुरुवातीला पियानो नाहीतर कीबोर्ड आणि अगदी जवळून येणारा आवाज, मग हळूच व्हायोलिनं, मग ड्रम्स, मग शेवटच्या धृवपदाआधी सगळं अर्ध्या किंवा एका सुराने वर ढकलायचं, मग सगळा फौजफाटा, आणि शेवटी परत एकटा आवाज. एक गाणं असं ऐकलं तर अंगावर काटा येतो, पण बासुंदीच्या बारा वाट्या एकामागून एक कोण पिणार? नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन रेडिओवर या प्रकारच्या बॅलडची, म्हणजे संथ भावुक गाण्यांची, चलती होती आणि डेव्हिड फोस्टर, वॉल्टर अफनासिएफ ही निर्माते मंडळी त्यातली बडी धेंडं, दोघंही या अल्बमवर आहेत. अल्बम आला नोव्हेंबर १९९७ मध्ये आणि थेट बिलबोर्डच्या अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत एक नंबरला गेला, म्हणजे तेव्हाच्या लोकांना हे हवंच होतं. मुद्दा असा की ही गाणी ओळीने ऐकायला लागलात की तुम्ही त्या साच्यात अडकता आणि मग गळा ऐकूच येत नाही, फक्त साचा ऐकू येतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना हा अल्बम उलटा ऐकायला लावतो, बाराव्या गाण्यापासून मागे. कारण शेवटचं गाणं त्या साच्यात बसत नाही, आणि एकदा ते कानात गेलं की बाकीच्यांत काय ऐकायचं ते आपोआप कळतं.

पण त्याआधी हा अल्बम झाला कसा ते सांगतो, कारण त्याशिवाय ती असं काही का गायला निघाली ते समजणार नाही. बिल क्लिंटन निवडून आले त्या सुमारास त्यांच्या आई, व्हर्जिनिया केली, आणि स्ट्रायसँड यांची चांगली गट्टी जमली. या बाई आर्कान्सातल्या, पेशाने भूल देणाऱ्या नर्स, चार नवरे, घोड्यांच्या शर्यतीचा नाद, एकदम दिलखुलास व्यक्तिमत्त्व. आणि ही ब्रुकलिनची ज्यू मुलगी, जगप्रसिद्ध पण स्टेजला इतकी घाबरणारी की १९६७ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये गाताना शब्द विसरली तो धसका पुढे कित्येक वर्षं गेला नाही. १९९३ च्या ३१ डिसेंबरला लास व्हेगासमध्ये ती खूप मोठ्या खंडानंतर तिकीट लावून मैफलीला उभी राहिली, तेव्हा व्हर्जिनिया केली समोर बसलेल्या होत्या. त्यानंतर आठवडाही झाला नाही, ६ जानेवारी १९९४ ला त्या गेल्या, कॅन्सर होता. हॉट स्प्रिंग्जला अंत्यविधी झाला, तिथे जॅनिस स्योस्ट्रँड नावाच्या गायिकेने ‘होली ग्राउंड’ हे चर्चमधलं गाणं गायलं आणि स्ट्रायसँड तिथे बसून ते ऐकत होती. अशा गाण्यांचा एक अल्बम करायचा हे तिथून डोक्यात बसलं. तो प्रत्यक्षात यायला जवळजवळ चार वर्षं लागली, आणि अर्पण केलाय तो व्हर्जिनिया केलींना. नववं गाणं, ‘लीडिंग विथ युवर हार्ट’, हे तर सरळसरळ त्यांच्यावरच आहे, त्यांच्या आत्मचरित्राच्या नावावरून घेतलेलं, संगीत मार्विन हॅमलिश, शब्द बर्गमन दांपत्याचे.

आता शेवटच्या गाण्याकडे या. ‘अविनू मलकेनू’. ही हिब्रू प्रार्थना आहे, ज्यूंच्या नव्या वर्षापासून योम किप्पूरपर्यंत, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसापर्यंत, जे दहा पश्चात्तापाचे दिवस असतात त्यात म्हणतात. देवाला बाप आणि राजा अशा दोन्ही नात्यांनी हाक मारायची आणि सांगायचं की आमचं ऐक, आम्ही चुकलोय, आमच्यावर आणि आमच्या लेकराबाळांवर दया कर, रोगराई तलवार दुष्काळ आमच्यापासून दूर ने, नवं वर्ष चांगलं जाऊ दे. हिचं मूळ तालमूद या ज्यूंच्या ग्रंथातल्या एका गोष्टीत सापडतं. पाऊस पडेना म्हणून रब्बी (म्हणजे ज्यू धर्मगुरू) एलिएझर पुढे झाले आणि त्यांनी चोवीस आशीर्वाद म्हटले, ढिम्म काही झालं नाही. मग रब्बी अकिवा पुढे आले आणि त्यांनी दोन साध्या ओळीत हाक मारली, पाऊस आला. लोक कुजबुजायला लागले तर आकाशवाणी झाली की हा त्याच्यापेक्षा मोठा म्हणून नाही, तर हा राग गिळणारा आहे म्हणून. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय, कारण गाण्याच्या बाबतीत तिचा अर्थ फार उपयोगी पडतो, चोवीस आलाप एका बाजूला आणि दोन ओळी एका बाजूला.

आणि हो, ही प्रार्थना आपल्यापासून वाटते तितकी लांबची नाही. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल ज्यू, घरात मराठी बोलणारे, तेही हे सगळे दिवस पाळत आलेत, योम किप्पूरला त्यांच्यात ‘दारफाळणीचा सण’ म्हणायचे. पुण्यात कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे तिथलं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, तर सगळ्यांनाच माहिती आहे. अर्थात स्ट्रायसँड गाते ती चाल तिथली नाही. ती मॅक्स यानोव्स्कीची, बर्लिनमध्ये जन्मलेला ज्यू संगीतकार, तिकडचं वातावरण बिघडल्यावर बाहेर पडला आणि पुढे शिकागोच्या सिनेगॉगमध्ये संगीताचं काम करत आयुष्य काढलं. त्याची ही चाल अमेरिकेतल्या सिनेगॉगमधून इतकी रुळलीय की पुष्कळांना ती पारंपरिकच वाटते.

ऐकायचं काय, तर पहिलं म्हणजे हाक. ‘अविनू मलकेनू’ हेच दोन शब्द पुन्हा पुन्हा येतात, प्रत्येक नव्या मागणीआधी, आणि ती ते दर वेळी वेगळ्या वजनाने टाकते. सुरुवातीला खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखं, तिथे व्हायब्रॅटो फार कमी आहे. व्हायब्रॅटो म्हणजे सुराची ती नियमित थरथर, आपल्याकडच्या आंदोलनाशी त्याची गल्लत करू नका, आंदोलन रागाच्या गरजेपोटी येतं आणि व्हायब्रॅटो गळ्याच्या मोकळेपणातून. स्ट्रायसँडची जुनी सवय अशी की लांब सूर आधी सरळ, न हलणारा लावायचा आणि तो संपत आला की मग थरथर सुरू करायची. १९६३ च्या पहिल्या अल्बमपासून हे आहे. तरुणपणी ती हे नाट्य म्हणून वापरायची, बघा माझा दम किती, अशा थाटात. इथे पंचावन्नाव्या वर्षी तेच तंत्र ती थांबण्यासाठी वापरते. सूर सरळ लावला की ऐकणाऱ्याला वाटतं आता काहीतरी येणार, आणि ती काही आणत नाही, सोडून देते. पुढे चाल वर चढते तेव्हा ती आवाज पूर्ण उघडते, पण किती थोडा वेळ, ते मोजत ऐका. एवढ्या मोठ्या गळ्याची बाई तिथे आणखी चार-पाच जागा सहज घेऊ शकली असती, घेतल्या नाहीत.

श्वास पण ऐका. हिब्रूत घशातून येणारा एक ख़सारखा उच्चार आहे, तो नीट काढायचा तर हवा बरीच खर्च होते, आणि त्यानंतर लगेच लांब सूर असेल तर गायक मध्येच श्वास चोरतो. ती चोरत नाही. वाक्य संपवते, मग श्वास घेते, आणि तो श्वास तुम्हाला ऐकू येतो कारण मिक्स करणाऱ्यांनी तो काढून टाकलेला नाही. आमच्याकडे स्टुडिओत हल्ली पहिलं काम कुठलं तर श्वास कापणं, एका क्लिकवर सगळे गायब, आणि मग तक्रार की आवाज मशीनसारखा वाटतो! असो. या बाईने गाण्याचं रीतसर शिक्षण जवळजवळ घेतलेलंच नाही आणि तिला नोटेशन वाचता येत नाही हे तिनेच अनेकदा सांगितलंय. म्हणजे वाक्याची ही जाण शब्दांतून आलीय, तिला मुळात व्हायचं होतं नटी.

आणखी एक गोष्ट माझी आपली समजूत म्हणून सांगतो. तिचे वडील ती जेमतेम सव्वा वर्षाची असताना गेले. १९८३ चा ‘येंटल’ हा सिनेमा तिने दिग्दर्शित केला, त्यातही मेलेल्या बापाला हाक मारणारं एक गाणं आहे आणि ती त्यात फार ताकद लावून गाते, डोळ्यांत पाणी काढायचंच असं ठरवून. चौदा वर्षांनी ही दुसरी हाक. दोन्ही पाठोपाठ लावून बघा, त्याच गळ्याचं वय कळेल. आवाज जरा जाड झालाय, वरच्या सुरांना पूर्वीची धार राहिलेली नाही, कडेला किंचित खरखर आहे. बाईचा आवाज पन्नाशीनंतर बदलतोच, हार्मोन्समुळे स्वरतंतू जाड होतात, पट्टी खाली सरकते, थरथर रुंद व्हायला बघते. काही गायिका हे लपवतात आणि पट्टी तीच ठेवून ओरडतात. हिने खालच्या पट्टीत जास्त वेळ घालवलाय, आणि या अल्बमचा सगळ्यात चांगला भाग तिथेच आहे, खाली.

बारावं पचलं की आठवं लावा, ‘द वॉटर इज वाइड’ आणि ‘डीप रिव्हर’ हे जोडगाणं. पहिलं ब्रिटनमधलं जुनं लोकगीत, पाणी रुंद आहे आणि पलीकडे जाता येत नाही अशा अर्थाचं, सेसिल शार्पने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॉमरसेटमध्ये गोळा करून छापलं. दुसरं अमेरिकेतल्या काळ्या गुलामांचं स्पिरिच्युअल, म्हणजे त्यांचं भक्तिगीत. त्यात जॉर्डन नदी ओलांडून पलीकडच्या मेळ्याला जायचंय, आता ही नदी म्हणजे मरण, की गुलामी नसलेला उत्तरेकडचा मुलूख, की दोन्ही, ते गाणाऱ्यांना माहीत होतं आणि ऐकणाऱ्या मालकाला नव्हतं. ही गाणी व्यासपीठावर आणली नॅशव्हिलच्या फिस्क ज्युबिली सिंगर्सनी १८७० च्या दशकात, आणि ‘डीप रिव्हर’ला एकट्या गळ्यासाठी बांधलं हॅरी बर्ली यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात. दोन्ही गाण्यांत पाणी, दोन्हीत पैलतीर, म्हणून जोडलेत, कल्पना साधी पण डोकं लावून केलेली आहे. इथे ऐकायचा सांधा. प्रेमाच्या गाण्यातून प्रार्थनेत जाताना ती आवाजाचा रंग कसा बदलते बघा, पहिल्यात कुणाशी तरी बोलतेय, दुसऱ्यात स्वतःपुरतं गातेय. माझ्या मते पूर्ण अल्बममधला हा सगळ्यात सुरेख मिनिटभराचा तुकडा आहे.

पण खरं सांगायचं तर ‘डीप रिव्हर’ मरियन अँडरसन या काळ्या अमेरिकन गायिकेचं ऐकलं असेल तर स्ट्रायसँडचं थोडं गुळगुळीत वाटतं. अँडरसनच्या खर्जात जी जमीन आहे ती इथे नाही, इथे गालिचा आहे. त्याने ते वाईट ठरत नाही, पण फरक कानाला लागला पाहिजे.

मग पाचवं, ‘ऑन होली ग्राउंड’, ज्याच्यामुळे हे सगळं घडलं. जेरॉन डेव्हिस यांनी लिहिलेलं पेंटेकॉस्टल या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमधलं गाणं, शब्द अगदी मोजके, अर्थ एवढाच की आपण उभे आहोत ती जागा पवित्र आहे. अशी गाणी चर्चमध्ये पाच-दहा मिनिटं फिरत राहतात, आपल्याकडे नामाचा गजर चालतो तसं, आणि लोक उठून उभे राहतात, हात वर करतात. रेकॉर्डवर ती लांबी देता येत नाही म्हणून इथे चढण लवकर येते. ती कॉयरच्या पुढे गाते, पण गॉस्पेलवाल्यांसारखं, म्हणजे काळ्यांच्या चर्चमधली भक्तिगीतं गाणाऱ्यांसारखं, फिरवाफिरवीचं गात नाही, त्यांच्या जागांची नक्कल करत नाही. मला हे फार आवडतं. दुसऱ्याच्या देवळात गेल्यावर तिथल्या पुजाऱ्यासारखं वागायची गरज नसते, चपला काढून उभं राहिलं की पुरतं. ती आपल्या ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांतल्या, उच्चारातच गाते, प्रत्येक व्यंजन स्वच्छ, आणि म्हणून ते खरं वाटतं.

अकरावं, ‘एव्हरीथिंग मस्ट चेंज’, बेनार्ड इग्नर यांचं, पहिल्यांदा क्विन्सी जोन्सच्या १९७४ च्या ‘बॉडी हीट’ या अल्बमवर आलं आणि तिथे इग्नर स्वतःच गायलेत. यात देवाचं नाव घेऊन काही मागणं नाही, सगळं बदलतं एवढंच, म्हणजे वैराग्याचं गाणं म्हणा. हे बाराव्याच्या आधी ठेवलंय ते बरोबर ठेवलंय.

या चार गाण्यांत अल्बमचा जीव आहे. बाकीच्यांचं पटापट सांगतो. पहिला ट्रॅक दोन गाण्यांचा जोड आहे, ‘आय बिलीव्ह’ हे १९५३ चं, कोरियन युद्धाच्या दिवसांत लोकांना धीर देणारं काहीतरी हवं म्हणून टीव्हीसाठी लिहून घेतलेलं, आणि ‘यूल नेव्हर वॉक अलोन’ हे १९४५ च्या ‘कॅरोसेल’ या संगीत नाटकातलं, जे आज फुटबॉलवाल्यांना लिव्हरपूलचं म्हणून माहिती आहे. तिथे ती पूर्ण जोरात आहे, आणि म्हणूनच पहिल्या ट्रॅकपासून अल्बम ऐकणारा माणूस सुरुवातीलाच थकतो. ‘इफ आय कुड’ हे आईने मुलाला म्हटलेलं, चांगलं आहे, जरा लांबलंय. ‘अॅट द सेम टाइम’, ‘सर्कल’, ‘लेसन्स टु बी लर्न्ड’ आणि खुद्द ‘हायर ग्राउंड’ हे सगळे त्या साच्यातले, एकेकटे ऐकले तर त्रास नाही. आणि ‘टेल हिम’, सेलीन दिऑनबरोबरचं, त्याचा या अल्बमशी काय संबंध ते मला आजतागायत कळलेलं नाही. मोठी मुलगी लहान मुलीला सांगते की त्याला जाऊन सांग तुझं प्रेम आहे, यात अध्यात्म कुठून आलं? दोन मोठे गळे, दोन मोठे चाहतावर्ग, रेडिओवर वाजणारा एक सिंगल हवा होता. गायन म्हणून ऐकलं तर मजा आहे, दिऑनचा सूर पातळ आणि टोकदार, स्ट्रायसँडचा रुंद, आणि दोघी एकत्र येतात तेव्हा कोण कोणाला जागा देतं ते बघण्यासारखं. पण प्लेलिस्टमधून काढून टाका.

पट्टी बदलायचा जो प्रकार मी वर म्हटला त्याबद्दल थोडं, कारण आपल्या कानाला तिथेच जास्त खटकतं. आपलं सगळं संगीत तंबोऱ्याच्या षड्जाला बांधलेलं आहे, घर एकच, फिरून यायचं तिथेच. या गाण्यांत शेवटाकडे षड्जच उचलून वर ठेवतात. अमेरिकन कानाला तो भावनेचा उमाळा वाटतो, आणि आपल्यातला रियाजी माणूस म्हणतो अरे माझा सा कुठे गेला. सवयीचा प्रश्न आहे, हिंदी सिनेमातही हे वापरलेलं आहेच. ऐकताना ती जागा यायच्या आधीच्या दोन ओळींवर लक्ष ठेवा. चांगला गायक तिथे आवाज मागे घेतो, म्हणजे पायरी चढायला जागा राहते, आणि हलका गायक आधीच पूर्ण जोर लावून बसलेला असतो. हिचा हिशोब तिथे क्वचितच चुकतो.

आता खरं की धंदा. अमेरिकेत ‘इन्स्पिरेशनल’ नावाचा दुकानातला एक कप्पाच आहे, गॉस्पेलच्या शेजारी, जिथे देवाचं नाव असेल किंवा नसेल, पण धीर मिळेल. मोठे पॉप गायक एका वयानंतर तिथे जातातच, एल्विस प्रेस्लीला जिवंतपणी स्पर्धेत मिळालेले तिन्ही ग्रॅमी धार्मिक गाण्यांचेच होते. स्ट्रायसँडने स्वतः १९६७ साली नाताळचा अल्बम केला होता, ज्यू असून ‘आवे मारिया’ गायली आणि तो बक्कळ विकला गेला. तेव्हा धंदा होताच, यावेळीही कोलंबिया कंपनीने धर्मादाय म्हणून काही काढलं नसणार. माझं म्हणणं एवढंच की दोन्ही एकाच वेळी असू शकतं आणि कुठल्या गाण्यात काय आहे ते गळ्यातून कळतं. जिथे गायकाला स्वतःला दाखवायचं असतं तिथे वाक्याचा शेवट मोठा होतो, सूर धरून ठेवला जातो, टाळ्यांसाठी जागा सोडल्यासारखा. जिथे मागायचं असतं तिथे शेवट लहान होतो. हे तुम्ही आपल्या अभंग गाणाऱ्यांवर पण लावून बघा, मोठमोठी नावं नापास होतील, मी कुणाचं घेत नाही. या अल्बमवर साधारण अर्ध्या गाण्यांत शेवट लहान आहेत, आणि बाजारासाठी केलेल्या अल्बमवर अर्धी म्हणजे खूप झाली.

तुलनेला अरिथा फ्रँकलिनचं १९७२ चं ‘अमेझिंग ग्रेस’ ऐका. लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये, जेम्स क्लीव्हलँड आणि कॉयरसोबत, दोन रात्रींत लोकांसमोर रेकॉर्ड केलेलं. ती पाद्र्याची मुलगी, ते तिचं घरच. तिथे घाम ऐकू येतो. स्ट्रायसँड पाहुणी आहे, आणि पाहुणी कशी गाते हे ऐकायचं असेल तर ‘हायर ग्राउंड’. फक्त शेवटच्या गाण्यात ती घरी आलेली आहे.

ऐकण्याच्या सोयीचं सांगतो, हे बारीकसारीक वाटेल पण फरक पडतो. फोनवरच्या अॅपमध्ये क्रॉसफेड चालू असेल तर बंद करा, नाहीतर एका गाण्याची विरत जाणारी शेपटी पुढच्या पियानोखाली चिरडली जाते, आणि इथे शेपट्याच महत्त्वाच्या आहेत. ऑटोप्ले बंद करा, शेवटच्या गाण्यानंतर अॅप काय वाट्टेल ते लावतं, एखादं डिस्को येऊन आदळेल. इक्वलायझरमध्ये बास वाढवून ठेवला असेल तर सपाट करा, तिच्या खालच्या सुरांवर तो बसतो आणि आवाज गुदमरतो. शक्यतो इअरबड्सवर नको, छोटे का होईना पण दोन स्पीकर, आणि आवाज असा ठेवा की बाराव्या गाण्याची सुरुवात कान न ताणता ऐकू आली पाहिजे, मग चढ आला की बटणाला हात लावायचा नाही. एका वेळी तीन गाणी पुरे. गाडीत लावू नका, पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर टायरच्या आवाजात यातलं काहीही कळणार नाही, फक्त साचा ऐकू येईल आणि तुम्ही परत मला विचारायला याल.

आईंचं. नक्की लावा, आणि भाषेची काळजी करू नका, कारण ‘अविनू मलकेनू’ इंग्रजीत नाहीच, ते तुम्हालाही कळणार नाही आणि त्यांनाही, दोघं एका पातळीवर. लावण्याआधी एक वाक्य सांगा की ही देवाची करुणा भाकणारी प्रार्थना आहे, बस, पुढचं व्याख्यान नको, माझ्यासारखं तर अजिबात नको. ज्यांनी आयुष्यभर माणिकताईंचे अभंग ऐकलेत त्यांना सूर सरळ लावणं आणि शब्द न चावणं लगेच ओळखू येतं, मी हे ज्येष्ठांच्या गाण्याच्या वर्गात बघितलंय. नंतर आठवं लावा. पहिलं, दुसरं नको, त्यातल्या ड्रम्सना त्या म्हणतील हे काय धडाधडा. ‘टेल हिम’ तर लावूच नका. आणि चुकून लागलं, आणि नेमकं तेच त्यांना सगळ्यात जास्त आवडलं, तर मग गुपचूप तेच रोज लावा, त्यांच्याशी वाद घालू नका आणि माझं नाव मध्ये आणू नका.